अडकित्त्या आणि खंडेनवमी

मामा दुबईहून आला तेव्हा त्यानं आक्कासाठी घड्याळ आणलं आणि माझ्यासाठी हातात मावणारा एक व्हिडिओ गेम. करडा डबा, हिरवट पडदा, मागं चार पेन्सिल सेल आणि वरून खोचायची एक चपटी कॅसेट. रानावनातनं हिंडायचं, तऱ्हेतऱ्हेचे अजब प्राणी पकडायचे, पाळायचे आणि लढवायचे, असा तो गेम. सगळं इंग्रजीत. मी मराठी शाळेत सहावीला, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आक्का, माझी थोरली बहीण, कॉलेजात होती. मग ठरलं, तिनं वाचायचं आणि मी बटणं दाबायची. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून आम्ही परसदारच्या पायरीवर उन्हात बसायचो. डोक्याला डोकं लावल्याशिवाय दोघींना दिसायचं नाही.

गेममध्ये एका गुहेत दोन दगड सापडतात. दोन्हींत लाखो वर्षांपूर्वीचा एकेक प्राणी दगड होऊन बसलेला. घ्यायचा मात्र एकच. एक उचलला की दुसरा गेला. मी लगेच बटण दाबायला निघाले, तर आक्कानं हात धरला. "दम धर की जरा. एवढी वर्षं पडलंय ते तिथं, तुला दोन मिनिटं थांबवंना?" तिनं दोन्हींचं सावकाश वाचलं आणि पाण्यातला निवडला.

पुढं एका गावात एक शास्त्रज्ञ भेटतो, तो दगडातला प्राणी जिवंत करून देतो. आमचा निघाला बुटका, चिडक्या तोंडाचा मासा. डोक्यावर हाडांची ढाल, दात नव्हतेच, जबड्याच्या हाडालाच धार. अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, पानाच्या डब्यातला अडकित्ता असाच दिसायचा. आक्कानं त्याचं नाव ठेवलं अडकित्त्या. बारका होता, पण समोरच्याचा फडशा पाडायचा. चाळिसाव्या लेव्हलला त्याचं रूप बदलतं आणि तो पुरा वाढलेला शिकारी होतो, असं गेमसोबत आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं.

मे महिन्यात आक्काचं लग्न झालं. तिला धारवाडकडं दिलं. निघताना सगळे रडत होते आणि ही माझ्या कानात म्हणाली, "चाळीसला नेऊ नकोस. दिवाळसणाला आल्यावर दोघी मिळून बघू."

मी त्याला एकोणचाळीसवर आणलं आणि लढवायचं बंद केलं. दर रविवारी शेजारच्यांकडं तिचा फोन यायचा. आईशी बोलून झालं की मला. तिकडं सासूबाई जवळच बसलेल्या असायच्या, त्यामुळं मनातलं काही बोलता यायचं नाही. ती एवढंच विचारायची, "अडकित्त्या कसा हाय?" मी सांगायचे, "तुझ्यासाठी थांबलाय." मग ती हसायची. त्या हसण्यावर माझा आठवडा जायचा. मला तिची इतकी आठवण यायची की पायरीवर एकटं बसणं मी सोडूनच दिलं.

अप्पांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, आणि तिच्या आधी प्रत्येक मशीन खोलून, पुसून, तेल देऊन परत बसवायचं, हा त्यांचा नेम. घरच्यांचीही हत्यारं ते पूजेत मांडायचे. आईचं शिलाई मशीन, आक्काची वेताची छडी, कारण ती कॉलेज करता करता शिकवण्या घ्यायची, आणि माझी कंपासपेटी. त्या वर्षी मी शाळेतून आले तर कंपासपेटीच्या जागी माझा गेम. त्याच्यावर भस्माचे तीन पट्टे आणि झेंडूचं एक फूल.

अप्पा खुशीत होते. "कॅसेटचा स्क्रू येडाच हाय बघ, कुठलाच पाना बसंना. मग घासून नवा केला. आत बटणासारखा सेल हुता, जुना दिसला. बदलून टाकला. आता दहा वर्षं बघायला नगो."

मी गेम चालू केला. नवीन खेळ सुरू करा, एवढंच आलं. जुनं काहीच नव्हतं. त्या बटणाएवढ्या सेलवर गेमची सगळी आठवण तगून होती, हे मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की अडकित्त्या नाही.

मी तापट आहे, पहिल्यापासून. पूजेसमोर ओरडले, "मारलासा तुम्ही त्याला."

अप्पा गोंधळले. "कुणाला?" त्यांनी विचारलं.

मी आत जाऊन दार आपटलं. आईनं बाहेरनं चार शिव्या हासडल्या, त्या मला लागूच होत्या.

अप्पांना काहीतरी उमगलं असावं. पूजेनंतर दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. पण ते गेम घेऊन वर्कशॉपला गेले. कचऱ्याच्या डब्यात हात घालून त्यांनी जुना सेल शोधला, मशिनीच्या माळा बाजूला सारल्या आणि सोल्डरिंग तापवून तो परत बसवला. जुना पार्ट घातला की मशीन पहिल्यासारखं चालतं, हे त्यांना चाळीस वर्षांत एकदाही खोटं ठरलेलं दिसलं नव्हतं. काही परत आलं नाही. शेवटी नवा सेल पुन्हा घालून ते घरी आले. माझ्यासमोर गेम ठेवला आणि म्हणाले, "माझ्या हातनं गेलं बघ." मी तोंड फिरवलं.

दिवाळसणाला आक्का आली. अडकित्त्या कसा गेला ते मी सांगितलं. ती म्हणाली, "अप्पांना काय बोललीस न्हाईस न्हवं?"

"न्हाय," मी म्हणाले.

चार दिवस आम्ही पायरीवर डोक्याला डोकं लावून पहिल्यापासून खेळलो. दोन दगडांच्या गुहेपर्यंत आलो आणि तिची गाडी आली. दगड न उचलताच मी तिथंच सेव्ह केलं. पुढल्या दिवाळीला तिला मूल होतं. मग परत तसं बसणं झालंच नाही.

त्या खंडेनवमीनंतर चौथ्या वर्षी अप्पा गेले. वर्कशॉप आता दुसऱ्याकडं आहे. खंडेनवमीला मी लॅपटॉपशेजारी तो गेम मांडते, भस्म लावते आणि एकदा चालू करून बघते. अप्पांनी बसवलेला सेल अजून चालतोय. गुहा तशीच, दोन्ही दगड जागेवर. आक्का फोनवर म्हणते, "उचल की आता एक." मी नाही उचलत. मला मासा नको. मला अप्पा हवे आहेत समोर, हातात तो घासलेला पाना घेऊन, "कुणाला?" म्हणून विचारणारे. त्यांना मी पायरीवर शेजारी बसवीन आणि पहिल्यापासून सांगेन.