बिननावाच्या झाडाची बडदास्त

किस्से साठतात ते स्टोअरमधल्या सुट्या नटबोल्टांसारखे. कोणी मागवलेले नसतात, कुठे बसतील ते माहीत नसतं, आणि फेकवतही नाहीत. मी नाकाडोंगरीजवळच्या एका खाणीच्या कचेरीत स्टोअरकीपर होतो. आणीबाणी उठल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतले आमचे बहुतेक किस्से एकाच कुंडीतून उगवले.

मॅनेजर दातारसाहेबांची राजस्थानात बदली झाली. निघताना दातारबाईंनी माझ्या टेबलावर एक कुंडी ठेवली. तिच्यात माती नव्हती. कोळसा, विटांचे तुकडे आणि बोटाएवढ्या जाड चार कांड्या. ऑर्किड! बाईंचे वडील उत्तर बंगालात चहाच्या मळ्यावर होते. दोन ऑर्किडांचा संकर करून त्यांनी हे रोप वाढवलं, आणि फूल यायच्या आधीच ते वारले. कोणती दोन, ते कोणालाच माहीत नाही.

"वाळवंटात हे जगणार नाही," बाई म्हणाल्या. "बाबांनी काय केलं होतं, ते मला एकदा बघायचंय. कळी आली की तार करा."

मी रोजनिशी लिहितो हे बाईंना ठाऊक होतं. लिहिणारा माणूस पाणी घालायला विसरत नाही, असा एक समज आहे.

*

झाड पहिल्यांदा ओळखलं चौकीदार डोमाजींनी. त्यांचं घराणं तलावात मासे धरणारं. पाहिल्याशिवाय बोलायचे नाहीत. कुंडीला दोन चकरा मारून म्हणाले, "भाऊ, हे तं बांडगूळ होय."

"ऑर्किड आहे, डोमाजी."

"आमच्या आंब्यावर बी हाय. त्याले कोणी कुंडीत नाई ठेवत."

टायपिस्ट शेषराव मान वर न करता म्हणाला, "सायेब गेला, बांडगूळ ऑफिसले चिकटलं!"

*

दुसरे तज्ज्ञ म्हणजे मारुतीचे पुजारी महाराज. रोज पहाटे परडी घेऊन निघायचे आणि ज्याच्या कुंपणात जे फुललं असेल ते तोडायचे. हटकलं तर उत्तर ठरलेलं, "देवाच्या फुलाले मालक नसते."

कचेरीच्या व्हरांड्यात हलवलेल्या कुंडीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "याले फूल कवा येते?"

"माहीत नाही, महाराज."

"मंग कायले पाणी घालून राहिले?"

*

आमचा मुलूख धानाचा. रोपाचे पाय पाण्यात असले म्हणजे आम्हाला बरं वाटतं. सकाळी मी पाणी घालायचो, दुपारी डोमाजी. शेषराव कपात उरलेला चहा ओतायचा.

"अरे, चहा कशाला?" मी विचारलं.

"चहाच्या मळ्यातलं हाय ना भाऊ. सवय असंन त्याले."

हिवाळ्यात कांड्यांच्या पेरांवर काहीतरी फुगलं. आम्ही कळ्यांची वाट पाहत बसलो. निघाली इवली इवली रोपं, पांढऱ्या मुळांसकट! "बाळंत झालं!" डोमाजी म्हणाले. शेषरावने माझ्याकडून पेढे वसूल केले. हिवाळ्यात पाणी जास्त झालं की कळीच्या जागी पिल्लू येतं, हे पुढे कळलं. म्हणजे पेढे आम्ही आमच्याच चुकीचे खाल्ले.

*

उन्हाळ्यात कांड्यांवर तपकिरी खवले धरले. शेषरावच्या घरी पळसावर लाख धरण्याचा धंदा. तो एकदम जबाबदारीने बोलू लागला. "लाख लागली, भाऊ! हात लावू नका. पिकू द्या."

महिनाभर आम्ही त्या किडीची राखण केली. मग एकदा शेषरावचे वडील कचेरीत आले. त्यांनी नखाने खवला उचकटला, उजेडात धरला.

"ही लाख नोहे," ते म्हणाले. "अन् धंदा बी आता याच्या हाती देत नाई मी."

*

नागपूरचे एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जंगल पाहायला आले होते. त्यांना गाठून आणलं. भिंगातून अर्धा तास पाहून ते म्हणाले, "डेंड्रोबियम. संकरित. पण फुलाशिवाय आईबाप सांगता येणार नाहीत."

"लव्ह मॅरेज होय," शेषराव म्हणाला. "म्हणून तं आपल्या गावी लपून राहिलं."

प्राध्यापकांनी उपाय सांगितला: हिवाळाभर पाणी बंद. कोणालाही पटला नाही. उपाशी ठेवून कोणी लेकरू वाढवतं का?

त्याच हिवाळ्यात मुलीच्या लग्नासाठी मी लाखनीला लांब रजेवर गेलो. पाण्याचं डोमाजींना सांगितलं. डोमाजींनी शेषरावला सांगितलं. शेषरावला वाटलं, डोमाजी आहेतच. परत आलो तर सगळी पानं गळून नुसत्या काड्या उभ्या!

"गेलं, भाऊ," डोमाजी म्हणाले.

बाईंचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. शेषरावने टाइपरायटरला कागद लावला. "बाईले कसं लिहू? 'कळविण्यास अत्यंत दुःख होते', का नुसतं 'कळविण्यात येते की'?"

पत्र टाइप झालं. तिकीट लावायच्या आधी एकदा कुंडी पाहावी म्हणून गेलो. एका उघड्या पेरावर तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक होतं. पिल्लू नव्हे, कळी. एकच.

*

कळी फुगल्यावर बाईंना आणि प्राध्यापकांना तार केली. दोघंही निघाले. ज्या दिवशी पोहोचणार, त्याच सकाळी कचेरीत गेलो तर कांडी रिकामी!

"मी फाटकावरून हललो नाई, भाऊ," डोमाजी म्हणाले. "महाराजाशिवाय कोणी आलं नाई."

मी देवळात धावलो. फूल मारुतीच्या उजव्या कानावर होतं. पांढरं, जांभळ्या कडांचं, गळ्यात पिवळा डाग. महाराज म्हणाले, "चढलेलं फूल उद्या सकाळीच उतरंन."

तेवढ्यात डोमाजींनी पाठवलेले प्राध्यापक आले. त्यांनी वाद घातला नाही. बूट काढले, भिंग काढलं आणि मारुतीच्या कानाला कपाळ टेकवून उभे राहिले, ते हलेचनात. मागे बायांची रांग लागली. एक म्हणाली, "किती भक्ती हाय बाप्पा!"

शेवटी ते वळले. दारात दातारबाई उभ्या होत्या. हातात पिशवी तशीच.

"आई नोबिल जातीची," प्राध्यापक हलक्या आवाजात म्हणाले. "बाप ब्रह्मदेशाकडचा, पिवळ्या गळ्याचा. असा मेळ मी कुठे पाहिला नाही. नाव तुम्हीच ठेवा."

बाई फुलाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचे बाबा जन्मात कधी देवळात गेले नाहीत."

महाराज ताट पुसत होते. "आले ना आता," ते म्हणाले. "बसा. प्रसाद घेऊन जा."