मानाची गाडी आणि अण्णांचं लायसन

जोतीराम अण्णांएवढा खुळा माणूस अख्ख्या मिरज तालुक्यात शोधून सापडायचा नाही. कुपवाडच्या एका कारखान्यात ते कामगारांची बस चालवतात. बावीस वर्षं झाली, बसला साधा ओरखडा नाही. लाल दिवा लागला की हा बाबा थांबणार! रस्त्यावर काळं कुत्रं नसलं तरी थांबणार. मागून हॉर्न वाजवून लोक उद्धार करतात, आणि हा आपला दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसलाय. सांगलीच्या रस्त्यावर हे शोभतं का?

घरात मात्र अण्णांना लय मान. थोरला माणूस म्हणून घरातली प्रत्येक गाडी त्यांच्या नावावर घ्यायची, पहिला हारही त्यांनीच घालायचा. चालवायची मात्र पुतण्यानं. हा पुतण्या शंभूराज पोलीस भरतीची तयारी करतो, म्हणजे कायदा राखायचा सराव करतो. त्या सरावात त्यानं अण्णांच्या नावावरच्या मोटारसायकलवरून तीनदा सिग्नल तोडला, आणि तिन्ही वेळा कॅमेऱ्यात सापडला. नोटीस अर्थातच मानकऱ्याला आली. गाडी कोण चालवत होतं ते लेखी कळवा, त्याचं लायसन तीन महिने निलंबित होईल.

अण्णा पुतण्याचं नाव लिहायला बसले, तशी पोराची आई साळूबाई आडवी आली.

"आवं भावजी, पोराचं नाव घालू नगासा. केस लागली की भरती गेली!"

"आन माझं लायसन? बस कोण चालवणार?"

"तुमी काय, चालवून चालवून दमलासा. जरा इसावा घ्या की."

केवढी ती काळजी! तेवढ्यात पोराचा बाप, म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ बाळासो रडायला लागला. तो लहानपणीसुद्धा वेळ बघूनच रडायचा. ज्याला कडेवर घेऊन वाढवला तोच रडतोय म्हटल्यावर अण्णा संपले. त्यांनी कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. जन्मातलं पहिलं खोटं.

आरटीओत साहेबांनी सिग्नलच्या कॅमेऱ्याच्या फोटोतली झुलपं बघितली, मग समोरचं टक्कल बघितलं.

"हे तुम्हीच?"

"व्हय साहेब. तवा केस हुते."

फोटो गेल्या महिन्यातला होता. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि लायसन जमा करून घेतलं.

कारखान्यानं अण्णांना गेटवर बसवलं. त्यांची बस दुसराच कोणी गिअर करकरवत बाहेर घेऊन गेला, तेव्हा अण्णांना रडू आवरेना. बावीस वर्षं जपलेली बस ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंभूराज दारात गाडी काढून उभा. "अण्णा, आता तुमी गाडीला हात लावू नगासा, बेकायदेशीर हाय. मी सोडतो." कायद्याची चाड असावी तर अशी! अण्णा गुमान मागं बसले. विश्रामबागच्या चौकात दिवा लाल झाला. पोरानं गाडी तशीच रेटली.

"अरं लाल हाय, थांब!" अण्णा ओरडले.

"आवं अण्णा, आता कशाला भ्यायचं?" मागं न बघताच शंभूराज म्हणाला. "तुमचं लायसन तर गेलंच हाय की."