फ्रान्सचाचांच्या पाठपिशव्या

फ्रान्सचाचांच्या घरी गेलं की बसायला आधी जागा करावी लागे. खाटेवर, फडताळात, खुंटीला, जिकडेतिकडे फ्रेंच शिपायांच्या पाठपिशव्या. काळं मेणकापड, आत लाकडी चौकट, चामड्याचे पट्टे. शिवाय जेवणाचे डबे आणि दोन तोंडांच्या पाण्याच्या बाटल्या. दोन तोंडं कशाला, हे मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. शेवटी मी नाद सोडला.

लोणावळा स्टेशनावर त्यांचा टांगा असे आणि मी तिथल्या पोस्टात कारकून. पहिल्या लढाईत ते खेचरं हाकायला फ्रान्सला गेले होते, म्हणून हे नाव. माणूस सरळ, पण त्यांचं वागणं कधी उमगलं नाही. पुण्याच्या कॅम्पातल्या जुन्या बाजारात, लढाईवरून परतलेल्या कुणी विकलेली, तसली पिशवी दिसली की पोटाला चिमटा काढून घेत. “घरात धड गोधडी न्हाई अन् पलटनीचं बिऱ्हाड वाढतंय,” असं चाची म्हणत. बरं, हौस म्हणावी तर ते कुणाला कौतुकाने दाखवतही नसत. तशा सहा झाल्या.

एका उन्हाळ्यात ते पोस्टात आले आणि फ्रान्सला पार्सल धाडायचंय म्हणाले. पत्ता विचारला तर पुन्हा “फ्रान्स”च म्हणाले. मी कपाळावर हात मारला. मग हळूहळू कळलं. तिकडे एका थकलेल्या शिपायाने आपली पिशवी त्यांच्या खेचरावर टाकली होती आणि पुढच्या गावात घेतो, अशी खूण केली होती. पुढच्या गावात तो आलाच नाही.

“अमानत हाय ती, मास्तर. ज्याची त्याला पोचवाय नको?”

मग बाकीच्या पाच कशाला? तर पट्ट्याच्या आतून शाईने नाव आणि नंबर असतो; त्याच पलटणीतल्या दुसऱ्या कुणाची पिशवी सापडली तर त्याचा थांग लागेल. अक्षरओळख नसलेला हा माणूस इतकी वर्षं नुसती वळणं ताडून बघत होता. नाव उतरवून मुंबईच्या फ्रेंच वकिलातीला लिहू, पुढच्या आठवड्यात पिशवी आणा, असं मी सांगितलं. जाता जाता त्यांनी बुरशीची तक्रार केली. आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी मोटेच्या चामड्याला करंजाचं तेल चोळत. मी मोठ्या शहाणपणाने तोच उपाय सुचवला.

चाचांनी काम मनापासून केलं. सहाही पिशव्यांचे पट्टे सोडले, एकाच परातीत तेलात भिजवले, वाळवले आणि अंदाजाने पुन्हा जोडले. ते घेऊन आले तेव्हा प्रत्येक पट्ट्यावर नाव-नंबराच्या जागी नुसता निळसर डाग होता. त्या एकसारख्या सहांतली शिपायाची कुठली, हे आता त्यांनाही सांगता येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी उठून त्यांच्या घरी गेलो असतो तर? चाचा मात्र मलाच समजावत राहिले. तुमी चांगल्यासाठीच सांगितलं, म्हणाले.

पुढे ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

“ह्यातली एक माजी न्हाई. कंची, ते कळत न्हाई. म्हणून आता साही माज्या न्हाईत. तुमी सांभाळा.”

तीन दिवसांनी चाचा गेले. चाचींनी पिशव्या टांग्यात घालून माझ्याकडे पोचवल्या. त्या घेताना मी काय कबूल करतोय, हे मला नीटसं कळलं नव्हतं. अजूनही कळलंय असं नाही.

दुसऱ्या लढाईच्या दिवसांत एका बंगल्यात उतरलेला गोरा साहेब त्या बघायला आला. त्याला असल्या वस्तूंचा शौक होता. एक तरी द्या, म्हणून अडूनच बसला. या माझ्या नाहीत, मी सांगितलं.

मग कुणाच्या, असं त्याने विचारलं. त्यातली एक एका शिपायाची अमानत आहे, कुठली ते ठाऊक नाही, असं सांगून मी सहाही पिशव्या पुन्हा फडताळात ठेवल्या.