शाल, श्रीफळ आणि जपानी संगीतकार

रियाधमधल्या आमच्या मराठी मंडळाचा मी कायमचा सूत्रसंचालक. माईक एकदा हातात आला की तो काढून घ्यायला माणूस लागतो, आणि तसा माणूस मंडळात अजून जन्माला यायचाय. बायको म्हणते, "तुझं नमनालाच घडाभर तेल." मी हसण्यावारी न्यायचो. गेल्या हिवाळ्यातल्या त्या दुपारपासून मात्र कुणी माईक पुढे केला की माझे कान गरम होतात.

माझी मुलगी सोळा वर्षांची. गळ्यात कायम हेडफोन, समोर लॅपटॉप आणि मांडीवर मावेल एवढा कीबोर्ड. व्हिडिओ गेमसाठी संगीत रचायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलेलं. मी त्याला बरेच दिवस 'टुंगटुंग' म्हणायचो. तिचं दैवत म्हणजे एक म्हातारे जपानी संगीतकार. त्यांनी सुरुवात केली तेव्हा गेमच्या यंत्रातून एका वेळी जेमतेम तीन स्वर वाजायचे. तेवढ्यात त्यांनी अशा चाली बसवल्या की त्या ऐकत वाढलेली पोरं आज आईबाप झाली, तरी गुणगुणतात. पुढे टीव्हीच्या मालिका, मग सिनेमे, मग भलेमोठे ऑर्केस्ट्रा. हे गृहस्थ मैफलीसाठी रियाधला येणार होते आणि आदल्या दिवशी शहराच्या ओलाया भागातल्या एका हॉटेलात मोजक्या मुलांच्या रचना ऐकणार होते. प्रत्येकाला दहा मिनिटं. आमच्या मुलीची निवड झाली. सोबत एकच पालक चालणार होता, तो मी गेलो.

आता इथं गप्प बसावं की नाही! पण मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, एवढा मोठा माणूस, आणि तुम्ही हात हलवत जाणार? आपल्यात तशी रीत आहे का?" नाहीच आहे. आपल्याला मोठा माणूस दिसला की शाल आठवते. झालं, भारतीय सुपरमार्केटातून शेंडीवाला नारळ आणला, बायकोच्या कपाटातून घडी न मोडलेली शाल काढली, स्टीलचं ताट घेतलं. मुलीनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"बाबा, नो. प्लीज."

"अगं, एका मिनिटाचं काम. तुझ्याबद्दल चांगलंच मत होईल त्यांचं."

हॉटेलच्या दारात सुरक्षारक्षकानं नारळ उलटसुलट करून बघितला, कानाशी हलवला आणि हसून परत दिला. तेव्हाही मला अक्कल आली नाही.

आत पाच-सहा मुलं, त्यांचे पालक, आणि समोर ते. काळा स्वेटर, बारीक अंगकाठी, शेजारी दुभाषी बाई. एका सौदी मुलीची रचना वाजत होती आणि ते डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, गेम खेळणारा एखाद्या दारापाशी तासभरसुद्धा अडकून पडतो. तेवढा वेळ तीच चाल फिरत राहते, तरी त्याला तिचा वीट येता कामा नये. म्हणून मी लिहितो कमी आणि ऐकतो जास्त. माझ्या मुलीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. इतकं खूश मी तिला कधी बघितलं नव्हतं.

मग तिचं नाव पुकारलं. तिनं लॅपटॉप उघडला, वायर जोडली, आणि मी उभा राहिलो.

"वन मिनिट, सर." मी ताट तिच्या हातात दिलं. ताट धरायचं तर लॅपटॉप सोडायला हवा, तो तिनं सोडला. मी इंग्रजीतून सुरू झालो. त्यांचंच चरित्र त्यांना सांगू लागलो. ते तीन स्वर, त्या मालिका, ते सिनेमे, काही म्हणता काही सोडलं नाही. प्रत्येक वाक्य दुभाषी बाई जपानीत सांगायच्या, म्हणजे एका भाषणाची दोन झाली. ते बिचारे शिष्टाचार म्हणून उभे राहिले, वाक्यावाक्याला कमरेत वाकू लागले. आणि ते वाकले की मला आणखी चेव यायचा! मंडळाच्या कार्याचाही आढावा घेतला मी. मुलगी दातांवर दात दाबून इथल्या अरबीत म्हणाली, "बाबा, खलास," म्हणजे पुरे. मला वाटलं, लाजतेय.

मग त्यांच्या खांद्यावर शाल पांघरली. नारळ दिला. तो कसा धरावा हे त्यांना कळेना, तर त्यांचे हात धरून दाखवलं. मग फोटो. एकात माझे डोळे मिटले, म्हणून परत एक.

आयोजक बाई हळूच म्हणाल्या की वेळ संपली. ते दुभाषी बाईंकडे वळून काहीतरी बोलले. त्यांना थोडं तरी ऐकायचं होतं. पण पुढची मुलगी आपला लॅपटॉप छातीशी धरून उभीच होती. माझ्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं. "इट्स ओके, सर. हर टर्न." तिनं ताट खुर्चीवर ठेवलं आणि वायर काढली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. निघून जाण्याचीही सोय नव्हती. उरलेल्या सगळ्या मुलांच्या रचना त्यांनी खांद्यावर आमची शाल आणि मांडीवर आमचा नारळ घेऊन ऐकल्या. शाल काढली तर मला वाईट वाटेल, असं वाटलं असणार त्यांना. मी पायाखालच्या गालिच्याकडे बघत बसलो. मुलगी शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती.

बाहेर बायको गाडीत थांबली होती. "काय म्हणाले ते?"

"ही लाइक्ड द शॉल, आई."

मग मीच सगळं सांगितलं, लपवणार काय? बायकोनं गाडी सुरूच केली नाही. "अरे, तुला काही लाज?" एवढंच म्हणाली. होती ना लाज, पुरेपूर होती, पण आता तिचा कुणाला काय उपयोग?

मी मागे वळलो. "चुकलो मी, बाळा. मला ऐकव ना. आत्ता, इथंच."

तिला काही कळेचना. "पण तू ऐकलंयस, बाबा. मी पाठवलं होतं. अप्रतिम म्हणालास. म्हणून तर मी आईला नको म्हटलं, तुला नेलं."

मी फोन उघडला. तिची फाईल होती. तिच्यावरचा डाउनलोडचा बाण तसाच होता आणि खाली माझं उत्तर होतं, 'वा! अप्रतिम!' मी फोन झाकेपर्यंत ती मागच्या सीटवरून पुढे वाकली होती, आणि तिनं ते पाहिलं.