खाचेतले कुंकू

फाल्गुनातल्या त्या दिवसांकडे मन वळले की मला प्रथम दिसतो तो हवेत तरंगणारा कापूस. पन्नासचे दशक अर्धे सरले होते आणि वर्धा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका ठाण्यावर मी ठाणेदार होतो. ठाण्यासमोरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात. त्यांतून सुटलेले पुंजके दुपारच्या उन्हात वर चढत आणि कितीतरी वेळ खाली उतरत नसत. पाठशाळेत संस्कृत शिकून मी पोलीस खात्यात आलो होतो. सकाळची संध्या आटोपून गणवेश चढवताना मला वाटे की एका स्वप्नातून उठून आपण दुसऱ्या स्वप्नात कामावर चाललो आहोत. अशाच एका दुपारी वडनेरकडच्या एका खेड्याचा कोतवाल धापा टाकत ठाण्याची पायरी चढला.

गावच्या माजी मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, दिवाणजीला गोळी लागली होती. शस्त्र मालगुजारांचे, परवान्याचे रिव्हॉल्वर. ते ज्याच्या हातून उडाले तो त्यांचा जुना गडी. पन्नाशीचा असेल, बैलांची देखभाल करणारा. पहिली खबर लिहून झाल्यावर कोतवाल जवळ सरकला आणि आवाज उतरवून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच सकाळी गडी आणि दिवाणजी यांच्यात चारचौघांत वाद झाला होता. दिवाणजीने पांढऱ्या बैलाला तुतारी, म्हणजे टोकाला खिळा असलेली काठी, टोचली होती. गड्याने तो बैल वासरू असल्यापासून वाढवलेला. तो सर्वांसमोर म्हणाला होता, “पुन्हा माह्या बैलाले तुतारी लावजो, मंग पाह्यतो तुले.”

पोलिसाच्या दृष्टीने खटला तिथेच अर्धा उभा राहिला.

मी घटनास्थळी गेलो तेव्हा अंगणात दमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, जुंपलेलीच होती. चाकाजवळ चढण्या-उतरण्यासाठी मांडलेला काळा दगड, त्यापुढे रक्त, आणि रक्तावर कापसाचा एक तंतू येऊन बसलेला. दिवाणजीच्या मांडीत गोळी शिरली होती. बेशुद्ध अवस्थेतच त्याला वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवले होते. गोळी उडाली त्या वेळी अंगणात गडी आणि दिवाणजी दोघेच होते. मालगुजार आत पागोटे बांधत होते, बाकीचे आवाज ऐकून धावत आले. पंचनामा केला, रिव्हॉल्वर आणि त्याचे कातडी म्यान जप्त केले, भारतीय दंडविधान कलम ३०७ खाली गड्याला अटक केली. तो मुकाट्याने चालू लागला. फाटकाशी मात्र मागे वळून त्याने बैलाकडे पाहिले.

ठाण्यात हेड मोहरीर, म्हणजे लिखाणाचे सारे काम सांभाळणारे आमचे जुने हवालदार, यांची एक पद्धत होती. जप्त माल ठेवायच्या मालखान्यात येणारे प्रत्येक शस्त्र ते रॉकेलच्या फडक्याने लखलखीत पुसून मगच चिठ्ठी बांधत. रिव्हॉल्वरवर कुठेकुठे पुसट लाली दिसत होती. त्यांनी फडके उचलले, तेव्हा मी सहज म्हणालो, “दसऱ्याचे कुंकू आहे, राहू द्या.” यात तपासाची दूरदृष्टी होती असे मी म्हणणार नाही. पूजेची खूण रॉकेलने पुसावी, एवढेच मनाला रुचले नाही.

पुढचे आठ दिवस मी गड्याची चौकशी केली. मारहाणीवर माझा कधी विश्वास नव्हता. मी त्याला रोज एकदा समोर बसवी आणि तीच हकीकत पुन्हा विचारी. बनावट सांगणाऱ्याचे शब्द दर वेळी तेच असतात, कारण त्याने शब्दच पाठ केलेले असतात. खरे सांगणाऱ्याचे शब्द बदलतात, पण घडलेली गोष्ट जागची हलत नाही. हा माणूस कधी बैलापासून सुरुवात करी, कधी दगडापासून. गोष्ट मात्र एकच राही. मालकांनी रिव्हॉल्वरचा पट्टा दमणीत ठेवायला सांगितला, त्याने तो गादीवर ठेवला, बैलाने मान झटकली, पट्टा घसरला, म्यानाची पट्टी सैल असल्याने रिव्हॉल्वर बाहेर निसटून दगडावर आपटले आणि उडाले. दिवाणजी पलीकडे वाकून दोर बांधत होता.

“म्या चाप ओढला नाई, साहेब,” तो म्हणे. “माह्या हातात तं थो नव्हताच.”

एके दिवशी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. कार्तिकातही ते शस्त्र असेच उडाले होते. त्या वेळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पडले आणि गोळी मातीत गेली. “मालकाले इचारा,” तो म्हणाला, आणि उठता उठता रोजचा प्रश्न केला, “दिवाणजी बोलून राह्यले का आता?”

अपराधी माणूस आपल्या खटल्याची चौकशी करतो. हा जखमीची करीत होता. माझ्या मनाला ते लागून राहिले. परंतु मनाला लागून राहिलेली गोष्ट चालानात, म्हणजे आरोपपत्रात, लिहिता येत नाही.

मी मालगुजारांकडे गेलो. त्यांनी कार्तिकातली घटना नाकारली नाही. उलट उठून पेटीतून दोन कागद आणले. पहिला कारखान्याचा, समुद्रापलीकडून शस्त्रासोबत आलेले हमीपत्र. मूळच्या घडणीत दोष निघाल्यास एक वर्षाच्या आत विक्रेत्यामार्फत परत पाठवावे, विनामूल्य दुरुस्त होईल, असा त्याचा आशय. दुसरे पत्र नागपूरच्या विक्रेत्याचे. कार्तिकात तक्रारीसह पाठवलेले शस्त्र हमीप्रमाणे पूर्ण उघडले, आतील स्प्रिंग बदलली, चाचणी घेतली, चापावर बोट दाबल्याखेरीज ते उडणे आता अशक्य आहे, असे त्यात सहीशिक्क्यानिशी लिहिले होते. पौषात शस्त्र परत आले. त्या पत्राच्या भरवशावर त्यांनी त्यात पुन्हा काडतुसे भरली.

“कंपनीची हमी हाय, ठाणेदारसाहेब,” ते म्हणाले. “खोट असन तं माणसात असन.”

वरिष्ठांचे मत पडले की जाणकारांचे पत्र उपलब्ध असता वेगळ्या तज्ज्ञाची गरज नाही. चालान सादर करावे. पोलीस कोठडीचे दिवसही संपत आले होते. शिक्षा झाली असती तर त्या वयाचा तो माणूस जिवंत घरी परतला असता की नाही, देव जाणे. कोतवाल सांगत होता की पांढरा बैल कोणाला दावणीजवळ येऊ देत नाही, वैरणीकडे पाहत नाही.

चालानात शस्त्राचा क्रमांक नोंदवायचा होता. मालखान्यात मध्यान्ही कौलांच्या फटीतून उन्हाची एकच तिरीप येई आणि तिच्यात कापसाचे कण इतके संथ फिरत, की काळ तिथे थांबून विसावा घेतो आहे असे वाटे. मी त्या तिरिपेखाली रिव्हॉल्वर धरून भिंगातून क्रमांक वाचू लागलो. क्रमांकाशेजारीच बाजूची पट्टी बसवणारा स्क्रू होता. त्याची खाच लाल होती. कुंकू तुपात कालवून लावलेले, आटून लाखेसारखे घट्ट झालेले, खाचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अभंग. दुसरा स्क्रू पाहिला, तिसरा पाहिला. तिन्ही तसेच.

स्क्रू फिरवणाऱ्याचे पाते त्या खाचेत शिरले असते, तर हे कुंकू राहिले नसते. देवाची मूर्ती अकस्मात डोळे उघडून आपल्याकडे पाहते आहे असा भास मला त्या क्षणी झाला आणि मी भिंग खाली ठेवले.

त्याच दिवशी पुन्हा त्या गावी गेलो. वाटेत पळस फुलले होते आणि ऊन इतके मऊ होते की घोडागाडी जमिनीवरून चालते आहे याचे भान राहू नये. मालगुजारांच्या पत्नी ओसरीवर आल्या. शस्त्रपूजा त्या घरात त्यांच्याच हातची. मी विचारले की कुंकू नेमके स्क्रूवरच का लावले होते.

त्या जरा लाजल्या. “थे त्याचे डोये नाई का, साहेब? देवाले डोये असतात, मंग हत्याराले बी पाह्यजे. कोनावर चालाचं थे त्याले दिसलं पाह्यजे.”

“आणि पौषात ते नागपूरहून परत आल्यावर पुन्हा लावले का?”

“दसऱ्याबिगर कोन लावते? आल्यावर पेटीत गेलं थे.”

त्यांचे हे उत्तर मी लिहून घेतले, पंचांच्या सह्या घेतल्या आणि दुसऱ्या सकाळी नागपूरची बस धरली. पवनारला धाम नदीच्या पुलावर बस हळू झाली. खाली पाण्यात कोणी स्नान करून सूर्याला अर्घ्य देत होते. ओंजळीतून पडणारी धार उन्हात क्षणभर दिसे आणि नाहीशी होई. मांडीवर सीलबंद पेटी घेऊन मी ते पाहत राहिलो.

विक्रेते वृद्ध आणि अतिशय सभ्य होते. त्यांनी चहा मागवला, आपले पत्र ओळखले, सही आपलीच असल्याचे सांगितले. मी विचारले, हे शस्त्र उघडायचे तर आधी काय काढावे लागते? त्यांनी बोटाने तोच स्क्रू दाखवला.

“तो न काढता आतली स्प्रिंग बदलता येते का?”

“छे, शक्यच नाही.”

मी भिंग त्यांच्या हाती दिले आणि दसऱ्याची पूजा कधी झाली, शस्त्र त्यांच्याकडे कधी आले, कधी गेले, हे एकापुढे एक सांगितले. ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. चहा निवला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्यांनी काही दडवले नाही. हमी पाळायची तर शस्त्र समुद्रापार पाठवावे लागे. त्याला परवानग्या, जहाज, सहा-आठ महिने. गिऱ्हाईक तोवर थांबत नाही. शिवाय बहुतेक तक्रारी शस्त्राच्या नसून हाताच्याच असतात असा त्यांचा अनुभव. म्हणून आलेले शस्त्र ते काही आठवडे कपाटात ठेवीत, बाहेरून फडके मारीत आणि पत्र देत. आजवर काही बिघडले नव्हते.

“एक माणूस हवालातीत आहे,” मी म्हणालो. “तुमच्या या पत्रामुळे.”

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न पाहता, शांतपणे म्हणाले, “लिहून देतो, साहेब. पण एक विचारू? तुमच्या ठाण्यातल्या बंदुका दर महिन्याला तपासल्याची सही तुम्ही करता. त्या उघडून पाहता का?”

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी जबाब लिहिला. पुढे त्यांच्यावर स्वतंत्र कारवाई झाली, त्याचा तपशील इथे नको. पण तो प्रश्न माझ्याबरोबर बसमध्ये बसला आणि पवनारचा पूल, सेवाग्रामचा रस्ता, सारे मागे पडले तरी उतरला नाही.

ठाण्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. शस्त्रांची नोंदवही काढली. प्रत्येक महिन्यापुढे एकच ओळ, ‘उघडून तपासली, ठीक’, आणि खाली माझी वळणदार सही. मी रॅकवरच्या मस्केटी, म्हणजे ठाण्याच्या लांब नळीच्या बंदुका, अंगणात काढायला लावल्या आणि स्वतः एकेक पाहू लागलो. हेड मोहरीर वही धरून उभे राहिले. कवायतीच्या मस्केटी ठीक होत्या. अडगळीच्या कोपऱ्यात नेहमी उभी असणारी एक मात्र मी डोळ्याला लावली आणि पलीकडचा उजेड दिसेना. मी नळी साफ करायचा गज मागवला.

हवालातीच्या गजांमागून गडी पाहत होता. “हळू, साहेब,” तो म्हणाला. “कुंभारीण माशीचं घर असन. आत पिल्लं असतात.”

नळीच्या तोंडाशी बोट घातले. कोरडी, बारीक, सुबक लिंपलेली माती बोटाला लागली. ते घर बांधायला त्या माशीला कितीतरी फेऱ्या घालाव्या लागल्या असतील, आणि ते बांधून झाल्यावरही त्या नळीबद्दल मी ‘ठीक’ लिहिले होते. मी गज खाली ठेवला.

विक्रेत्यांच्या जबाबानंतर तज्ज्ञांकडे पाठवलेल्या रिव्हॉल्वरचा अहवाल यथावकाश आला. घोडा काडतुसापासून किंचित मागे सरून थांबावा अशी आत योजना होती. ती मुळातच चुकीची घडली होती, आणि स्प्रिंग जुनीच होती. रिकामे, केवळ टोपी असलेले काडतूस घालून शस्त्र दगडावर टाकले की ते पुनःपुन्हा उडत होते. दिवाणजीही शुद्धीवर आला. आपण पाठमोरे होतो, काही पाहिले नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले, आणि त्याने आपण होऊन जोडले की बैलाला तुतारी लावायला नको होती. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी गड्याला मुक्त केले. कारखान्याला मी लिहिले होते, त्याचे उत्तर फार उशिरा आले. खेद व्यक्त केला होता आणि शस्त्र पाठवल्यास विनामूल्य दुरुस्त करू म्हटले होते. तोवर हमीचे वर्षही उलटले होते.

सुटल्यावर गडी आपले पागोटे आणि तंबाखूची डबी घ्यायला ठाण्यात आला. अंगठा उठवून झाल्यावर तो दाराशी घुटमळला.

“साहेब, थे घर मोडलं का?”

मी नोंदवही उघडून त्याच्यापुढे धरली. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून मीच वाचून दाखवले. ‘एक मस्केट, नळीत कुंभारीण माशीचे घर, तूर्त वापरास अयोग्य.’

तो हसला आणि बैलाकडे जायची घाई असल्यासारखा भराभर पायऱ्या उतरून गेला. हवेत कापूस तरंगत होता. हेड मोहरीरांनी वरिष्ठ तपासणीला आले तर काय सांगायचे असे विचारले. जे लिहिले आहे तेच, मी म्हणालो. त्या वहीत माझ्या सह्या पुष्कळ होत्या. स्वतः पाहून केलेली ती पहिली.