मुळं फुटली का, बघायला गेलो

मित्रांनो, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

सिडकोतल्या आमच्या गच्चीवर धाकटी बहीण सुमी दुधाच्या पिशव्यांत गुलाबाच्या काड्या लावते. रोपं विकून कॉलेजला जायला सायकल घेणार आहे. महिनाभर भटकून मी कालच घरी आलो. सकाळी ती म्हणाली, "दादा, नुसतं पाणी घाल हं."

मला कुठला धीर? मुळं फुटली का बघायला एक काडी उपसली, मग दुसरी. बघता बघता सगळ्याच. कोवळी मुळं तुटून मातीतच राहिली.

संध्याकाळी सुमी एवढंच म्हणाली, "तू एका जागी राहत नाहीस. त्यांना तरी राहू द्यायचं होतंस."

नव्या काड्या लावल्यात. त्या रुजेपर्यंत ती पायीच जाणार. तोवर मी घर सोडणार नाही, असं तिला सांगितलं. ती नुसती हसली. तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?