सुदामअण्णा आणि शर्यतीचा पिस्टन

कापूरहोळच्या सुदामअण्णा मिस्त्रींची मुलगी प्राजक्ता हिचा फोन आला, तेव्हा मी वेल्ह्याच्या शाळेत नववीचे पेपर तपासत होतो. "सर, अण्णा गेले सकाळी. छातीत दुखलं, दवाखान्यापतुर पोचलोच न्हाई." यावर माणसानं काय बोलावं? मी बोललो, "अगं, माझी गाडी?" दोन दिवसांपूर्वीच मी ती अण्णांच्या गॅरेजमध्ये इंजिनाच्या कामाला लावून आलो होतो... पलीकडून ती म्हणाली, "हाय सर. हाय तिथंच हाय."

आता महिना होत आला, पण माझं ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. अण्णांचा आणि माझा सगळा इतिहास त्या एका प्रश्नात आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकलं.

माझी मोटारसायकल टू-स्ट्रोक. भोरहून वेल्ह्याला शाळेत जायचं, तर तिच्या धुराचा पट्टा नसरापूरपासून मार्गासनीपर्यंत दिसतो असं माझे सहकारी म्हणतात. आठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका मित्रानं धुळीच्या ट्रॅकवरच्या शर्यती सोडल्या आणि आपल्या रेसिंगच्या गाडीचा सिलिंडर, पिस्टन अन् कार्बोरेटर मला देऊन टाकला. वर एक सल्ला दिला, "मिस्त्रीनं असला माल बघितला की त्याचा हात शिवशिवतो. तुला जुनं घालून देईल आणि हे ठेवून घेईल. खूण करून ठेव."

मी विज्ञान शिकवतो, हे इथं मुद्दाम सांगितलं पाहिजे. कारण खूण कुठं करायची यावर मी शास्त्रीय विचार केला. सायलेन्सर काढला की सिलिंडरच्या भोकातून पिस्टनची बाजू दिसते. म्हणजे इंजिन न उघडता, घरबसल्या तपासता येईल! मी पिस्टनच्या नेमक्या त्या बाजूवर कानशीनं तीन आडव्या रेघा ओढल्या. चांगल्या खोल. स्वतःवर इतका खूश मी लग्नातही नव्हतो.

माल बसवायला नेला तेव्हा अण्णांनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला. "सर, ह्यो माल इंजान जोरात फिरलं तरच पळतोय. हळू चालवली तर मेल्यागत वाटंल. आन् पयले पाचशे किलोमीटर सबुरीनं." मला वाटलं, बघा, पळवाट आधीच तयार! चौथ्या दिवशी गाडी मिळाली. आंबवण्याच्या पुढच्या चढाला दुधाचा टेम्पो मला मागं टाकून गेला, वर ड्रायव्हरनं हात केला. घरी येऊन मी सायलेन्सर सोडवला, बॅटरीचा उजेड आत मारला, किक हळूहळू दाबत पिस्टन खालीवर केला. तीन रेघांपैकी एकही नाही. पिस्टन आरशासारखा चकचकीत.

आणि त्याच आठवड्यात अण्णांच्या स्वतःच्या जुन्या गाडीचा आवाज बदलला होता. टणटणीत, तापट. आणखी काय पुरावा पाहिजे? मी त्यांचा पाठलागही केला. सारोळ्याच्या पुलाअलीकडे वाळूवरून घसरून पडलो, तर तेच मागं फिरून आले. मला उचलत म्हणाले, "सर, हिकडं कुनीकडं?" मी म्हणालो, "वांगी घ्यायला." मग त्यांच्या देखत दोन किलो वांगी घ्यावी लागली. त्यांच्या गाडीचा सायलेन्सर त्यांनी नुसता आतली काजळी जाळून साफ केला होता, आवाज त्यानं बदलला होता, हे मला पुढं कळलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी कापूरहोळच्या टपरीवर बोललो. नाव घेतलं नाही, फक्त म्हणालो, "इथं एक जण इंजिनातला माल बदलतो म्हणतात." कापूरहोळला असे मिस्त्री कितीसे असणार? हळूहळू अण्णांची गिऱ्हाइकं सारोळ्याकडे वळायला लागली. एकदा त्यांनीच मला विचारलं, "सर, तुमी शिकलेली मान्सं. लोकं हल्ली सारोळ्याला का जात्यात वो?" मी म्हणालो, "तिकडं सावली चांगली आहे, अण्णा." "व्हय," ते म्हणाले, "आसंल."

वर्षभरानं पक्का पुरावा हवा म्हणून मी गाडी पुण्याच्या एका मिस्त्रीकडे उघडायला दिली. त्यानं पिस्टन काढला, बोट फिरवलं आणि हसायला लागला. "माल रेसिंगचाच आहे. पण कोणीतरी येड्यानं यावर कानस चालवली होती. हा बघा, जरासा खड्डा राहिलाय. मग कोणीतरी शहाण्यानं बारीक पॉलिशपेपरनं धार मोडून गुळगुळीत केलंय. तसाच बसवला असता तर सिलिंडर सोलला असता. घाटात इंजिन जाम, मागचं चाक जाम, आणि तुम्ही दरीत."

मी वांग्यांसारखा जांभळा पडलो.

टपरीवर जाऊन खरं सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "सर, ते आता जुनं झालं. साखर कमी घालू का?" राहिले अण्णा. त्यांना सांगायला मी कितीदा तरी गेलो. एकदा धीर करून म्हणालोही, "अण्णा, गाडी लई भारी चाललीय." त्यांनी पान्यावरनं मान वर केली. "आता चालतीय व्हय?" त्या 'आता'नं माझी झोप गेली. यांना माहीत आहे? रेघा कुणी मारल्या हे ओळखलंय? की गाडीचीच चौकशी आहे? चोर म्हणून ज्याच्यावर नजर ठेवली, तो आता आपल्यावर नजर ठेवून आहे, अशा संशयात मी पुढची सात वर्षं काढली. विचारलं मात्र नाही...

गेल्या रविवारी गाडी आणायला गेलो. गॅरेज प्राजक्ता चालवते, तिचा हात अण्णांच्या तालमीतला. माझी गाडी लावली होती तशीच होती. इंजिनाला पानाही लागला नव्हता. आणि मेलं माझं मन, तिथंही कुजबुजलं : दोन दिवस अण्णा धडधाकट होते, मग का नाही उघडली?

"अण्णांनी काम घेतलं नव्हतं का?" मी विचारलं.

"घेतलं व्हतं की. तुमाला फोन करनार व्हते त्या दिवशी." ती हात पुसत म्हणाली. "त्यांचं सांगनं व्हतं, बाकी कुनाचं बी इंजिन उघड, पर सरांचं सर समोर असल्याबिगर उघडायचं न्हाई. लई वर्सं झाली. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठावं होतं ते एवढंच, की गाडी लावून गेलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन यायचा, "सर, या की चहाला." चहा पिताना माझ्यासमोर इंजिन उघडलं जायचं; मी समजत होतो, अण्णांना माझे विनोद आवडतात.

"का म्हणून, ते कधी सांगितलं?"

"न्हाई. म्या इचारलं तर म्हनले, सरांच्या जिवाला बरं वाटतं."

मी गाडीकडे बघितलं. म्हणालो, "प्राजू, उघड तू. मी जरा भोरला जाऊन येतो. मी नसलो तरी चालेल गं."

तिनं पाना उचलला, पण बोल्टला लावला नाही.

"बसा सर," ती म्हणाली. "चहा सांगितलाय."